जनाशेठ आणि उजवीकडे कललेली गाडी

जनाशेठ मढवींशी भांडणं कुणालाच जमलं नाही. पुष्कळांनी प्रयत्न केले. मीही केला.

घणसोलीत त्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याने राहायला गेलो आणि पहिल्याच महिन्यात बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी वाशीच्या घाऊक बाजारातल्या एका कंपनीत. आधीच्या घरमालकांनी मला बरंच काही शिकवलं होतं. त्यामुळे चार कडक वाक्यं मनात जुळवूनच मी तळमजल्यावर उतरलो आणि बेल दाबली. दार उघडलं तेव्हा पांढऱ्या लेंगा-बनियनमधला एक धिप्पाड माणूस समोर उभा होता. दाराची चौकट त्यांच्या मापाने करायची राहून गेली असावी, असं वाटलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पानी गलतंय ना? चूक माजीच हाय. पाइप बसवताना मी नीट बघितला नाय. आत या. जेवलाव का?"

माझी चारही वाक्यं घशातच राहिली. थोड्या वेळाने मी त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण जेवत होतो. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो मासा मी त्याआधी फक्त पाहिला होता. पाइप वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकताना फोडला होता, हे मला दोन दिवसांनी प्लंबरकडून कळलं. जनाशेठना ते आधीपासून माहीत होतं.

हा त्यांचा स्वभावच होता. लिफ्ट बंद पडली की ते म्हणत, सकाळी मीच चढलो होतो. टाकीतलं पाणी संपलं की म्हणत, टाकीच मी लहान बांधली. एकदा पार्किंगवरून दोन भाडेकरू हातघाईवर आले. एकाची स्कूटर, दुसऱ्याच्या गाडीचा आरसा. जनाशेठ दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की जागेचे पट्टे मी अरुंद मारून घेतले, तुम्हा दोघांना त्रास झाला, मला माफ करा. मग ते दोघं आपलं भांडण सोडून त्यांचीच समजूत घालायला लागले, की शेठ, तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका.

"कुनी तिकिटं गोला करतं, कुनी नानी गोला करतं," त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी म्हणायच्या. "आमच्याकडं हे चुका गोला करतात."

वहिनी शेठच्या निम्म्या आकाराच्या आणि आवाजाने दुप्पट. शेठ कुणाला काही सांगायचं असलं की आधी बसवत, मग खायला घालत, मग विषय काढत. वहिनी विषय आधी काढत आणि उभ्यानेच संपवत. ही बिल्डिंग उभी आहे तिथे मढवींची भातशेती होती. नवीन भाडेकरू आला की शेठ त्याला त्याच्या फ्लॅटचा जुना पत्ता सांगत. मला सांगितलं होतं, तुमच्या किचनच्या खाली आमच्या आजाचा बांध होता, आणि हॉलमध्ये टीव्ही ठेवलाय तिथे बगळे बसायचे. बोलण्यात हळहळ नसायची. पाहुण्याला घर दाखवावं, तसं दाखवायचे.

अशा या माणसाच्या दारात एका सकाळी टेंपोवर बांधलेली एक गाडी आली.

गाडी म्हणजे काय, दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची, गडद हिरव्या रंगाची इंग्लिश बनावटीची स्पोर्ट्स कार. जुनी. दिव्यांचे डोळे वाटोळे, चाकांना सायकलसारख्या तारा. ती टेंपोवरून उतरली तेव्हा अख्खी बिल्डिंग गॅलऱ्यांतून वाकून बघत होती. शेठनी तिच्यावरची ताडपत्री ओढली, दोन पावलं मागे सरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सगळ्यांच्या मनातलं बोललं, "शेठ, गाडी वाकडी आहे."

होती. उजवीकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला कललेली. समोरून पाहिलं की ती एका पायावर भार टाकून कुणाची तरी वाट बघत उभी आहे असं वाटे. डाव्या चाकाच्या वर मूठ सहज जायची, उजव्याच्या वर जेमतेम बोटं.

"माज्या वजनानं," शेठ लगेच म्हणाले.

आता, ते अजून गाडीत बसलेही नव्हते. पण त्यांनी ते इतक्या खात्रीने सांगितलं, की कुणाला हसायला सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भात सोडला. मग मासे तळून खायचे सोडले. संध्याकाळी भलेमोठे पांढरे बूट घालून रस्त्याने फेऱ्या मारायला लागले. वहिनींना वाटलं, डॉक्टरने काहीतरी भयंकर सांगितलंय आणि हे लपवतायत. त्यांनी मला गाठून विचारलं. मी म्हटलं, वहिनी, गाडीसाठी आहे. त्या म्हणाल्या, की लग्न झाल्यापासून मी सांगते, एक घास कमी खा. माझं ऐकलं नाही, आणि त्या डबड्याचं ऐकतात. त्या वाकड्या गाडीत मी कधी बसायची नाही, लोक म्हणतील नवरा खाली आणि बायको वर.

शेठ दीड-दोन महिन्यांत चांगलेच उतरले. गाडी होती तेवढीच वाकडी राहिली.

मग ते एका रविवारी माझ्या दारात आले. ते बेल दाबत नसत, जिन्यातूनच टाळी वाजवत. म्हणाले, चला, जरा चक्कर मारून येऊ. मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होतो. डावीकडे बसलं की आपण उंचावरून शेठच्या टकलाकडे बघतोय, असा भास होई. आम्ही रबाळ्याच्या कारखान्यांच्या भागात गेलो. एका गोदामासमोरच्या गटारापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. सोबत आणलेली चिक्की आधी मला खायला लावली. त्यावरूनच मला कळलं, की विषय मोठा आहे.

विशीत असताना ते तिथे ड्रायव्हर होते. आता गोदाम आहे तिथे तेव्हा एका पारशी साहेबाचा कारखाना होता. शेठ कारखान्याची व्हॅन चालवत. ही हिरवी गाडी साहेबांची लाडकी. ती शेडमध्ये असायची, आणि बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून ती नुसती सुरू करायची, एवढंच काम जनाकडे होतं. बाहेर काढायची नाही. एका दुपारी साहेब मुंबईला गेलेले. जनाने गाडी सुरू केली, आणि मग त्याला मोह आवरला नाही. फाटकातून बाहेर, एकच चक्कर. वळणावर म्हैस आडवी आली. तिला वाचवताना उजवं चाक या गटारात गेलं. शेजारच्या कारखान्यातल्या माणसांनी उचलून बाहेर काढलं. कुठे ओरखडा नव्हता. जनाने ती धुतली, पुसली, जागेवर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेला आणि बघतो, तर गाडी उजवीकडे कललेली.

"त्याच्या आदी मी नीट बघितलंच नवतं," शेठ म्हणाले. "पन त्या दिवशी दिसलं. मग रोजच दिसाया लागलं. साहेब त्यात बसले, का मना वाटायचं, माज्यामुले वाकडे बसलेत."

त्यांनी ते साहेबांना सांगितलं नाही. पुढे नोकरी सुटली, जमीन सरकारात गेली, बदल्यात त्यातलाच प्लॉट आला, बिल्डिंग झाली, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. साहेब वारल्याचं त्यांना उशिरा कळलं. साहेबांची मुलगी शेड रिकामी करतेय असं समजल्यावर ते गेले, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली हीच गाडी. मुलीला म्हणाले, ही मला द्या. कशाला, ते नाही सांगितलं.

"आता साहेब नाय," शेठ म्हणाले. "पन निदान गारी तरी सरल करावी."

गाडीला ते गारी म्हणत. मी चिक्की खात राहिलो.

तर वजनाची गोष्ट लोकांसाठी होती. आता मला खरी गोष्ट ठाऊक होती आणि त्यामुळे गाडी सरळ होण्यात मीही अडकलो. तुर्भ्याचा साळवी म्हणून एक मेकॅनिक होता, चिपळूणचा, जुन्या गाड्यांत रमणारा. त्याने आधी टायरची हवा तपासली. मग पुढच्या उजव्या स्प्रिंगखाली जाड पॅकिंग टाकलं. पुढून गाडी सरळ झाली. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, आता मागून बघा. मागची डावी बाजू बसली होती. एक कोपरा उचलला की समोरचा तिरका कोपरा खाली जातो, चार पायांच्या डुगडुगणाऱ्या खाटेसारखं. साळवीने मागे काहीतरी घातलं, तर पुढचं डावं उठलं. दोन रविवार असेच गेले. शेवटी चारही कोपरे चार उंचीला, आणि साळवी चिडून म्हणाला, की शेठ, तुमची जमीनच वाकडी आहे.

हे मात्र शेठना पटलं. ते आत गेले आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आले. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. पार्किंगच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाण्याची पातळी जुळवून पाहिली. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून फरशीला उतार दिलेला होता, तो चांगला चार बोटांचा निघाला.

"चूक माजीच," शेठ म्हणाले. पण या वेळी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "सगलं काढा. घातलेलं सगलं पॅकिंग काढा. सपाट जागा शोधू, मग बोलू."

नवी मुंबईत सपाट जागा शोधणं ही काय चीज आहे, हे मला त्या आठवड्यात समजलं. आम्ही नळी घेऊन हिंडलो. रस्ते मधून फुगीर, पेट्रोल पंप उताराचे, शाळेचं मैदान तर विचारूच नका. शेवटी शेठना गावातला लग्नाचा हॉल आठवला. त्याची फरशी त्यांच्या मावसभावाने घातली होती, आणि तो मावसभाऊ म्हणे गोटी ठेवून फरशी तपासायचा. लगीनसराई संपत आलेली. हॉल एक दिवस मोकळा मिळाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे साखरपुडा होता. त्याच्या आत गाडी बाहेर हवी.

मग ती हिरवी गाडी, जिथून वरात शिरते त्या दारातून, लग्नाच्या हॉलमध्ये गेली. नळी लावली, फरशी खरोखरच सपाट निघाली. हॉलच्या मॅनेजरला कुणीतरी सांगितलं होतं, की नवरी या गाडीतून येणार आहे. तो दिवसभर मधूनमधून येऊन, फुलं कुठल्या रंगाची लावायची ते विचारत होता. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी येऊन बॉनेटला हळदकुंकू लावलं. वहिनी डबा घेऊन आल्या आणि स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून सगळ्यावर देखरेख करू लागल्या.

साळवीने या वेळी पत्र्यापासून मापं घेतली नाहीत. पत्रा कुणी कधी ठोकून सरळ केलाय कुणाला माहीत, असं म्हणून त्याने खालच्या चासीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. चासी सरळ होती. मग त्याने जॅक लावून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

डावीकडची स्प्रिंग उजवीपेक्षा बोटभर उंच होती.

"बसली ही," उजव्या स्प्रिंगकडे बोट दाखवून साळवी म्हणाला. "कधीतरी जबर दणका खाल्लाय हिने."

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. शेठ मात्र खाली फरशीवर बसले. त्यांनी ती बुटकी स्प्रिंग मांडीवर घेतली आणि तिच्यावरची माती बोटाने काढत राहिले. इतक्या चुका अंगावर घेणारा माणूस मी रोज बघत होतो, पण त्या सगळ्या तो हसत, जेवणाचं ताट पुढे करत घेत असे. हे वेगळं होतं. गटाराची गोष्ट वहिनींना कधी सांगितली गेली होती की नाही, मला ठाऊक नाही. पण नवऱ्याचा चेहरा त्या वाचत होत्या.

साहेबांची मुलगी त्याच दुपारी यायची होती. रोशनबाई त्यांचं नाव. सत्तरीच्या, बारीक, पांढऱ्या केसांच्या. गाडी दुरुस्त होतेय म्हणून शेठनीच आठवडाभर आधी त्यांना हौसेने बोलावून ठेवलं होतं. त्या टॅक्सीतून उतरल्या, लग्नाच्या हॉलमध्ये घोड्यांवर चढलेली वडलांची गाडी पाहून मनापासून हसल्या. मग शेठ उठले. स्प्रिंग हातात तशीच. आणि एवढ्या वर्षांत जे साहेबांना सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर त्यांच्या मुलीला सांगून टाकलं. दुपार, फाटक, म्हैस, गटार. उभ्याने सांगितलं. कुणाला बसवलं नाही, काही खायला दिलं नाही.

रोशनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जना, ही गाडी पहिल्यापासून अशीच आहे."

त्या शाळेत होत्या तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. वडील त्यांना या गाडीतून बाजारात न्यायचे. येताना मोसंब्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर असायची. एखादं मोसंबं निसटलं, की कायम वडलांच्या बाजूलाच घरंगळत जायचं. आणि जे त्यांच्या बाजूला जाईल ते त्यांचं, असा घरात नियम होता. लहानपणी त्यांची फार मोसंबी गेली. जना कारखान्यात लागला, तेव्हा त्या कॉलेजही संपवून बसल्या होत्या.

"आणि गटाराचं पप्पांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वॉचमनने त्याच संध्याकाळी सांगितलं. पप्पा म्हणाले, त्याला कुणी विचारू नका, उगाच घाबरेल. गाडी किती छान धुतलीय बघा."

शेठ स्प्रिंगकडे बघत होते. मग त्यांनी अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं विचारलं, "मग चूक कोनाची?"

याचं उत्तर साळवीने दिलं. तो मघापासून उंच स्प्रिंग रॉकेलने पुसत बसला होता. मातीखाली लाल रंगाचा पुसट ठिपका निघाला. त्याने शेठच्या हातातली स्प्रिंग मागून घेऊन पुसली, तर तिच्यावर पिवळा. त्याने आपल्या उस्तादाला फोन लावला. बोलणं झाल्यावर तो आमच्याकडे वळला तेव्हा जरा ओशाळलेला होता. स्प्रिंग बसलेलीच नव्हती. या गाडीला दोन्हीकडच्या स्प्रिंगा मुळातच वेगळ्या येतात, ओळखायला रंगाचे ठिपके देऊन. चालवणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, म्हणून त्याच्या बाजूला उंच स्प्रिंग. कुणीतरी कधीकाळी दुरुस्तीला उघडल्यावर त्या उलटसुलट बसवल्या होत्या. कुणी, कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. रोशनबाईंच्या मोसंब्यांच्याही आधी.

साळवीने स्प्रिंगांच्या जागा बदलल्या. बोल्ट मात्र त्याने गाडी हवेत असताना आवळले नाहीत. म्हणाला, आधी ती आपल्या चार चाकांवर उभी राहू दे, नाहीतर आतले रबर पीळ खाऊन बसतात आणि परत तेच. गाडी खाली उतरवली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला दाबून दाबून झुलवलं, मॅनेजरनेही झुलवलं, आणि मग साळवी खाली शिरून बोल्ट आवळून आला.

गाडी आता डावीकडे कलली होती. थोडीशीच, पण डावीकडे.

"शेठ, बसा," साळवी म्हणाला.

शेठ बसले. गाडी जरा श्वास सोडल्यासारखी खाली आली आणि जवळजवळ सपाट झाली. साळवीने वाकून पाहिलं, पाण्याची नळी लावली, आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, की अजून थोडं वजन लागेल. तुम्ही भात सोडायला नको होता.

वहिनी स्टेजवरच्या खुर्चीत इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेठ स्टिअरिंग धरून बसून होते. ते हसत होते की रडत होते, हे मला बाजूने नीट दिसलं नाही. रोशनबाई गाडीला वळसा घालून डावीकडे आल्या, दार उघडून त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, जना, जरा फिरवून आण. दोघं हॉलमधल्या हॉलमध्येच दोन फेऱ्या मारून आले. साखरपुड्याची मांडणी करणारे लोक तोवर दारात येऊन थांबले होते.

बिनदोष माणूस म्हणून जगणं शेठना सुरुवातीला जड गेलं. काही दिवस ते हरवल्यासारखे दिसत. एकदा बिल्डिंगची मोटर बंद पडली, तर त्यांनी आधी ती कुणी चालू ठेवली होती याची चौकशी केली. भाडेकरू हादरले. नंतर स्वभाव पूर्ववत झाला, पण अंगावर घेतलेल्या चुका पूर्वीसारख्या जड दिसत नव्हत्या. भात तर त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केला होता.

पुढच्या वर्षी आम्ही उलव्याला स्वतःच्या घरात राहायला गेलो, आणि काही महिन्यांत माझी नाशिकला बदली झाली. जायच्या आधी एका रविवारी मला मुंबईत काम होतं आणि बोटीने जावं म्हणून मी उरणच्या मोरा धक्क्यावर गेलो होतो. तिकीट काढून उभा होतो, तर रस्त्याने रिक्षांची एक लांबलचक रांग मुंगीच्या गतीने येताना दिसली. रांगेच्या पुढे ती हिरवी गाडी. या वेळी डावीकडे कललेली, पण ऐटीत. आणि उजवीकडे, स्टिअरिंगवर, सुनंदावहिनी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, उंची पुरावी म्हणून खाली दोन उशा, नजर समोर. जनाशेठ डावीकडे बसून एक हात बाहेर काढून मागच्यांना थांबा, जा, थांबा अशा खुणा करत होते आणि वहिनींना काहीतरी शिकवत होते, जे त्या ऐकत नव्हत्या.

शेठना मी दिसलो. ते अर्धवट उठले. वहिनींनीही पाहिलं, पण थांबणं बहुधा अजून शिकायचं राहिलं होतं. गाडी माझ्यासमोरून त्याच गतीने पुढे निघून गेली. "परत येतो, थांबा," असं शेठ वळून ओरडले.

मी थांबलो असतो, पण बोट सुटायला आली होती. ती धक्क्यापासून बरीच दूर गेल्यावर मला हिरवी गाडी परत आलेली दिसली. शेठ खाली उतरले, धक्क्याच्या टोकापर्यंत आले, आणि उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरून पाण्यावर मला शोधू लागले. मी कठड्यापाशी जाऊन हात हलवला. त्यांनी मासे घेऊन येणाऱ्या भलत्याच होडीकडे पाहून दोन्ही हात वर करून हलवले. होडीतल्या कोळ्याने जरा विचार केला, आणि मग त्यानेही हलवले.